मामांचा फोन स्पीकरवर होता आणि मला ते ठाऊक नव्हते

अबोली (प्रश्न)

सार्वजनिक ठिकाणी फोन स्पीकरवर टाकून बोलणाऱ्यांविषयी तक्रार करायची ती शेजारी बसलेल्या माणसाने, असा आजवर माझाही समज होता. गेल्या महिन्यात मात्र जे घडले त्यात मी त्या गाडीतच नव्हते. मी पुण्यात स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते आणि माझा आवाज विट्याहून सांगलीला निघालेल्या एसटीत घुमत होता.

माझे मामा विट्याला असतात. वय एकाहत्तर, प्रकृती ठणठणीत, फक्त अलीकडे कानाने थोडे कमी ऐकू येते आणि ते त्यांना मान्य नाही. माझ्या मुलीसाठी तासगावकडचे एक स्थळ त्यांनीच सुचवले होते. पत्रिका जुळली, एक भेटही झाली. परंतु मुलाचा पगार आणि पुण्यातला फ्लॅट याविषयी आम्हाला जे सांगण्यात आले होते आणि नंतर चौकशीत जे कळले, त्यात बरेच अंतर निघाले. नकार कोणाला दुखावल्याशिवाय कसा कळवावा हे विचारण्यासाठी मी मामांना फोन केला आणि घरातल्या माणसाशी बोलावे तशी मोकळेपणाने बोलले. ‘फ्लॅट भावाच्या नावावर आहे आणि त्याचेही हप्ते अजून फिटायचे आहेत’, ‘माणसे जरा थापाडीच वाटली’ अशी वाक्ये माझ्या तोंडून गेली. मामा मधूनमधून ‘हं, बरोबर आहे तुझं’ म्हणत होते. ते प्रवासात आहेत हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थांचा फोन आला. आमचा नकार आम्ही कळवण्यापूर्वीच, ‘थापाडी’ या विशेषणासह, मुलाकडच्यांना पोहोचला होता, कारण त्यांच्या नात्यातील एक बाई मामांच्या मागच्याच बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मुद्दाम कान दिला असेल असे मला वाटत नाही. गाडी धावत असताना काही नीट कळत नव्हते, पण तासगावच्या स्थानकात इंजिन बंद झाले आणि पुढचे सगळे स्वच्छ ऐकू आले, असे त्यांनी मध्यस्थांना सांगितले. त्यावर माझा विश्वास आहे.

मामांना विचारले तर ते म्हणाले, “अगं, मी नेहमी असाच बोलतो. त्यात चोरून बोलण्यासारखं काय होतं?” ते तीर्थाची पळी धरावी तसा फोन तळहातावर आडवा धरतात आणि हनुवटीपुढे नेऊन बोलतात, हे मी अनेकदा पाहिलेले आहे, मात्र त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला आपण असू तेव्हा काय होईल, हा विचार कधी मनात आला नव्हता.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आईच्या पश्चात माहेर म्हणून जे काही उरले आहे ते मामाच असल्यामुळे, त्यांना न दुखावता हे कसे सांगावे? आणि ‘तुझा आवाज स्पीकरवर आहे, इथे इतकी माणसे आहेत’ एवढे तरी समोरच्याला आधी सांगितले जावे, ही माझी अपेक्षा अवाजवी आहे का?

रोजचा प्रवासी

अपेक्षा अवाजवी मुळीच नाही, परंतु तिच्या पाठीशी उभा राहील असा प्रवासातला नियम माझ्या पाहण्यात आलेला नाही. नियम आहेत ते आवाजाविषयी आहेत. रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये, रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने फोनवर बोलू नये आणि मोठ्याने गाणी लावू नयेत अशा सूचना काढल्या आणि त्यांच्या अंमलबजावणीची जबाबदारी गाडीतील कर्मचाऱ्यांवर टाकली. बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसगाड्यांत इअरफोनशिवाय गाणी वा चित्रफिती लावण्यास आणि फोनवर मोठ्याने बोलण्यास मनाई केली. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, कर्नाटकाच्या परिवहन महामंडळाने उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर असाच आदेश काढला होता आणि सांगूनही न ऐकणाऱ्याला गाडीतून उतरवण्याची मुभा वाहकाला दिली होती. रेल्वेत रात्री कोणाला त्रास होत असेल तर १३९ या क्रमांकावर तक्रार करता येते. मी दोनदा केली आहे आणि एकदा तिचा उपयोगही झाला.

या सगळ्यात संरक्षण मिळते ते शेजारच्या बाकावरच्या माणसाच्या झोपेला. आपल्या मामांनी अगदी हळू आवाजात स्पीकर लावला असता तरी मागच्या बाकावरच्या बाईंना ऐकू गेले असते आणि कोणताही नियम मोडला गेला नसता. म्हणून नियमाचा कागद मामांपुढे धरू नये असे मला वाटते. तो त्यांच्या चुकीला लागू पडत नाही आणि ते तो बाजूला सारतील, जे त्यांच्या दृष्टीने योग्यच ठरेल.

दोरीची घंटी

मी एसटीत एकतीस वर्षे वाहक होतो. आता निवृत्त आहे. माझ्या नोकरीची शेवटची सात-आठ वर्षे या स्पीकरची होती, त्यामुळे थोडे अनुभवाचे सांगतो.

‘आवाज कमी करा’ असे सांगून मी सुरुवातीला पुष्कळ भांडणे ओढवून घेतली. त्या वाक्यावर माणूस आधी आपल्या तिकिटाची आठवण करून देतो, मग गाडी कोणाच्या मालकीची आहे ते विचारतो आणि फोन तसाच चालू राहतो. पुढे एकदा तिकिटे देत मागून पुढे येत असताना एक आजोबा त्यांच्या मुलीशी बोलत होते आणि ती बिचारी सासरचे काही सांगत रडत होती. मी वाकून त्यांच्या कानाशी एवढेच म्हणालो, “आजोबा, ताईंचं रडणं सगळ्या गाडीला ऐकू येतंय.” त्यांनी चटकन दुसरा हात फोनवर ठेवला. विस्तवावर झाकण घालावे तसा. मग फोन कानाला लावून ते खिडकीकडे वळले आणि ‘घरी गेल्यावर करतो’ म्हणून त्यांनी बंद केला. त्या दिवसापासून मी आवाजाचे नाव काढणे सोडून दिले. आपला आवाज लोकांना जातो हे प्रत्येकाला माहीत असते आणि त्याचे कोणाला फारसे काही वाटत नाही. पलीकडच्याचा आवाज लोकांना जातो हे मात्र, तुम्हाला खोटे वाटेल, पण वयस्कर माणसांच्या लक्षातच आलेले नसते. फोनमधून येणारा आवाज हा आपल्यापुरता असतो अशी जुनी सवय त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असते.

ही युक्ती मुद्दाम ऐकवण्यासाठी बोलणाऱ्यांवर चालत नाही. ठेकेदारीचे आकडे, कोणत्या साहेबांशी आपली किती ओळख आहे त्याच्या गोष्टी, हे सगळे गाडीने ऐकावे हाच त्यांचा हेतू असतो. अशा एकाला मी भर गाडीत, तिकिटाचे यंत्र हातात घेऊन, अगदी नम्रपणे विचारले होते, “साहेब, रक्कम किती म्हणालात? माझ्या नीट लक्षात आली नाही.” गाडी हसली आणि साहेबांचा फोन खिशात गेला. हा प्रयोग रोज करण्याजोगा नाही. मी तरी तो दोनदाच केला.

मामांना तुमची अडचण सांगू नका, मुलीची सांगा. ‘मामा, माझं बोलणं लोकांनी ऐकलं’ यावर ते ‘ऐकू दे की’ म्हणतील. ‘तिचं नाव गाडीभर झालं’ असे म्हटले तर त्यांना रात्री झोप येणार नाही. इंजिनाचे जे तुम्ही लिहिले आहे ते शंभर टक्के खरे आहे. चालत्या गाडीत माणूस इंजिनाच्या वर आवाज चढवतो, फोनचाही आवाज पूर्ण वाढवतो, आणि स्थानकात इंजिन बंद झाल्यावर दोन्ही तसेच राहतात.

तळमजला, खोली तीन

सगळा दोष मामांवर टाकण्यात येत आहे म्हणून विरुद्ध बाजूने थोडे लिहितो. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. आमचा फोन म्हणजे तळमजल्यावरच्या वाण्याच्या दुकानातला फोन. पत्त्याखाली तो क्रमांक छापून पुढे कंसात ‘पी. पी.’ असे लिहिण्याची पद्धत होती. कोणाचा फोन आला की वाण्याचा पोऱ्या जिन्यातून नावाने हाका मारत येई आणि मग गहू-तांदळाच्या पोत्यांमध्ये उभे राहून, चार गिऱ्हाइकांच्या देखत, आजारपणापासून बाळंतपणापर्यंत सगळे बोलावे लागे. ट्रंक कॉल असेल तर ओरडून बोलावे लागे. पुढे पिवळ्या पाटीची एसटीडीची दुकाने आली, काचेच्या पेटीत उभे राहून बोलण्याची सोय झाली, पण त्या काचेतून बाहेरच्या रांगेला निम्मे तरी ऐकू येतच असे. फोनवरचे बोलणे खासगी असते ही कल्पनाच आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला मोबाइलबरोबर आली आणि मामांच्या पिढीने उमेदीची सगळी वर्षे त्याआधी काढली आहेत. ज्या गाडीत रोज सकाळी टाळ-ढोलकीसह भजन चालते आणि लोक ते सहन करतात किंवा त्यात सूर मिसळतात, त्या गाडीत एका म्हाताऱ्याच्या फोनवर आठ्या घालणे मला तरी विसंगत वाटते.

शिवाय दुसऱ्याचे एकतर्फी बोलणे अधिक त्रासदायक असते, असे संशोधनही आहे. लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केलेला हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. संवादाची एकच बाजू कानावर पडली तर, दोन्ही बाजू ऐकू आल्या असत्या त्यापेक्षा, हातातल्या कामावरचे लक्ष अधिक विचलित होते असे त्यांना आढळले, कारण न ऐकू आलेली बाजू मन आपोआप भरून काढू पाहते. त्या हिशेबाने स्पीकरवाल्याने शेजाऱ्यावर उपकारच केले म्हणायचे!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे, आणि ती माझ्याच बाजूला छेद देते. वाण्याच्या दुकानातून बोलताना दोन्ही टोकांना ठाऊक असे की आजूबाजूला माणसे आहेत. माझी आई ‘ते झालं बरं का’, ‘त्या गोष्टीचं आल्यावर बोलू’, ‘डॉक्टर म्हणाले तेच’ अशा भाषेत तीन मिनिटे बोले आणि दुकानातल्या कोणालाही काही कळत नसे, पण पलीकडच्या मावशीला सगळे कळे. तुम्हाला तशी सांकेतिक भाषा वापरण्याची संधीच मिळाली नाही. तरीही विचारतो, फोन लागल्यावर ‘आता बोलू का?’ असे तुम्ही का विचारले नाही?

अबोली

विचारले नाही, ही माझी चूक आहे आणि ती मला मान्य आहे. मामा दुपारी नेहमी घरीच असतात, त्यामुळे विचारण्याचे मनातही आले नाही. गाडीच्या आवाजावरून कळायला हवे होते असे कोणी म्हणेल, पण मला तो जवळजवळ ऐकूच आला नव्हता.

कानगोष्ट

आपल्याला गाडीचा आवाज ऐकू न येण्यात नवल नाही. हल्लीचे फोन बोलणाऱ्याच्या आसपासचा गोंगाट गाळून पलीकडे पाठवतात, त्यामुळे तो माणूस बाजारात आहे की देवघरात, हे ओळखण्याची जुनी खूण नाहीशी झाली आहे.

मी श्रवणयंत्रे बसवून देण्याच्या कामात आहे आणि ‘वयस्कर माणसे स्पीकरवर का बोलतात’ हा प्रश्न माझ्यासमोर शिष्टाचाराचा म्हणून येत नाही. वयानुसार ऐकणे कमी होते तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ यांसारखी व्यंजने त्या पट्टीत असतात, स्वर त्यामानाने खालच्या पट्टीत. म्हणून असा माणूस ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ असे म्हणतो, आणि घरचे लोक ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं’ असे म्हणून मोकळे होतात. स्पीकर लावला की आवाज मोठा होतो आणि दोन्ही कानांना मिळतो, त्यामुळे शब्द लागतात. ज्यांनी श्रवणयंत्र घातलेले आहे त्यांची अडचण आणखी वेगळी आहे. फोन यंत्राला चिकटवला की यंत्रातून निसटलेला आवाज पुन्हा त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. ती शिट्टी एकदा ऐकलेला माणूस पुन्हा फोन कानाला लावायला धजत नाही.

मोठ्याने बोलण्याचे कारणही थोडे यंत्रातले आहे. जुन्या तारेच्या फोनमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत येत असे, त्यावरून आपण किती मोठ्याने बोलतो आहोत याचा अंदाज राही. स्पीकरवर तो अंदाज राहत नाही. त्यात भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी हे १९११ मध्येच नोंदवून ठेवले आहे आणि आजही त्या परिणामाला त्यांचेच नाव आहे. ‘खोली तीन’ यांच्या उपकाराच्या मुद्द्याला माझे उत्तर हेच आहे: दोन्ही बाजू ऐकू येतात हे खरे, पण दोन्ही ओरडत असतात.

मामांच्या कानाविषयी बोलण्याआधी त्यांचा फोन हातात घेऊन पाहा. पडद्याच्या वरच्या कडेला जी बारीक जाळी असते, जिथून आवाज कानात येतो, ती धुळीने बुजलेली असते आणि आवाज मुळातच दबलेला येतो, हे मी आठवड्यातून दोनदा तरी पाहतो. दात घासण्याचा मऊ, कोरडा ब्रश हलक्या हाताने फिरवा; टाचणी घालू नका आणि पाणी लावू नका. पडद्यावर नंतर चिकटवलेल्या काचेने ती जाळी झाकली तर गेली नाही ना, तेही पाहा. मग त्यांना फोन लावा आणि बोलणे चालू असतानाच बाजूचे आवाजाचे बटण वरपर्यंत दाबा, कारण बोलण्याचा आवाज आणि घंटीचा आवाज हे दोन वेगळे असतात आणि पुष्कळांनी आयुष्यभर फक्त घंटीचाच वाढवलेला असतो. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे टच आणि त्यात कॉल ऑडिओ राउटिंग असे पाहा. तिथे स्पीकर निवडला गेला असेल तर प्रत्येक फोन आपोआप स्पीकरवरच सुरू होतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

हे सगळे करूनही ऐकू येत नसेल तर कानाची तपासणी करून घ्या. ज्यांना स्पीकरवाचून गत्यंतरच नाही अशी माणसे असतात, आणि शेजारच्या प्रवाशाने तेवढे समजून घ्यावे; पलीकडच्या माणसाला सुरुवातीलाच सांगून टाकण्यासाठी मात्र कानांची अडचण येत नाही.

योकोहामाहून

इथे जपानमध्ये रेल्वेत फोन ‘मॅनर मोड’वर, म्हणजे मूक ठेवावा आणि डब्यात फोनवर बोलू नये, असे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते. शिंकान्सेनमध्ये, म्हणजे इथल्या अतिवेगवान गाडीत, फोन आला तर लोक उठून दोन डब्यांमधल्या मोकळ्या जागेत जातात. मी नऊ वर्षे हे पाळले आहे आणि सुट्टीत दादरला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मीही रिक्षात बसून बहिणीशी स्पीकरवर बोलत होतो, हे तिनेच माझ्या लक्षात आणून दिले. उठून जायला जागा आहे की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असते असे मला वाटते. भरलेल्या एसटीत मामा कुठे जाणार होते?

अबोली

परवा विट्याला जाऊन आले. वाहकदादांनी सांगितले तसे मुलीच्या बाजूने बोलले. मामा काही वेळ गप्प बसले, मग मामींना हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि चहा येईपर्यंत भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, “पोरीला काही म्हणाले का ते लोक?” कोणी काही म्हणाले नव्हते, तसे मी सांगितले.

त्यानंतर त्यांचा फोन मागून घेतला. तो नेहमी सदऱ्याच्या खिशात, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी यांच्या शेजारी असतो. वरची जाळी दिसतच नव्हती. तिच्या जागी एक तपकिरी रेघ होती. ‘कानगोष्ट’ यांनी सांगितल्याप्रमाणे कोरडा ब्रश फिरवला तेव्हा मामींच्या पांढऱ्या रुमालावर चिमूटभर तंबाखू पडली आणि मामींना जे वर्षानुवर्षे सांगायचे होते ते सगळे त्यांनी त्या निमित्ताने सांगून घेतले. मग मी अंगणात जाऊन फोन लावला, आतून मामींनी बाजूचे बटण वरपर्यंत दाबले, आणि मामांनी फोन कानाला लावून पहिले वाक्य उच्चारले ते असे: “अगं, ओरडतेस कशाला?”

पूर्ण सवय गेलेली नाही. काल सकाळी मी फोन केला आणि या वेळी ‘मामा, कुठे आहात?’ असे आधी विचारले. ते पुन्हा सांगलीच्या गाडीत होते. फोन अर्थात स्पीकरवरच होता, कारण त्यांनी मला खणखणीत आवाजात उत्तर दिले, “गाडीत आहे, सगळे ऐकतायत, जपून बोल,” आणि त्यामागून कोणीतरी मोठ्याने हसल्याचे मला स्पष्ट ऐकू आले.